युलिसीजचे इंग्रजी प्रवास : कालखंड, आदिबंध आणि मधले दुवे

इंग्रजी वाङ्मयाचे कालखंड आणि ग्रीक पुराणकथा यांचा संबंध सांगताना एक ठरावीक चित्र उभे केले जाते. प्रबोधनकाळाने ग्रीक विद्येचे पुनरुज्जीवन केले, नवअभिजाततावादाने तिच्यातून नियम घेतले, रोमँटिकांनी बंडखोरी, व्हिक्टोरियनांनी नीती आणि आधुनिकतावाद्यांनी रचनातत्त्व. या चित्रात पुराणकथा ही एका जागी स्थिर असलेली विहीर ठरते आणि प्रत्येक कालखंड आपापला पोहरा घेऊन तिच्याकाठी येतो. उलट, नॉर्थ्रॉप फ्राय यांच्या ‘अ‍ॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम’ (१९५७) या ग्रंथानंतर प्रतिष्ठा पावलेली आदिबंधात्मक समीक्षा कालखंडांच्या भिंती ओलांडते. विहीर मात्र जागच्या जागीच ठेवते. इंग्रजी लेखकाच्या हाती ही कथा कोणत्या भाषेतून आणि कोणामार्फत आली, हा प्रश्न दोन्ही मांडण्यांत दुय्यम राहतो. ‘अभिजात’, ‘रोमँटिक’ या संज्ञांचा अर्थ बऱ्याच अंशी याच कालखंडांवरून ठरवणाऱ्या मराठी समीक्षेलाही तो टाळता येणार नाही.

युलिसीजचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. होमरच्या नायकाचे ग्रीक नाव ओडिसियस. इंग्रजीने शतकानुशतके वापरले ते त्याचे लॅटिन वळणाचे रूप. फरक केवळ उच्चाराचा नाही. व्हर्जिलचे ‘ईनिड’ हे पराभूत ट्रोजनांच्या बाजूने सांगितलेले महाकाव्य आहे आणि त्यातला युलिसीज कपटी, निर्दय आहे. जेफ्री ऑफ मॉनमथ याने बाराव्या शतकात ब्रिटनचा वंश ट्रोजन ब्रूटसपासून सांगितला, तेव्हा इंग्लंडची सहानुभूती कोणत्या पक्षाकडे राहणार हे जणू ठरूनच गेले. इंग्रजी भाषेत छापले गेलेले पहिले पुस्तक ट्रॉयच्या कथांचेच होते. १४७३-७४च्या सुमारास विल्यम कॅक्स्टनने ते छापले. पण ते फ्रेंचवरून केलेले भाषांतर होते. ज्याला इंग्रजीतील ग्रीक वारसा म्हटले जाते, त्याचा आरंभ असा ग्रीकविना झालेला आहे.

ही ट्रोजनपक्षी परंपरा विसरली की वाचन कसे घसरते, याचा नमुना शेक्सपिअरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’त सापडतो. त्यातले श्रेणीव्यवस्थेवरील युलिसीजचे दीर्घ भाषण हा एलिझाबेथकालीन विश्वदृष्टीचा प्रमुख पुरावा म्हणून वर्गावर्गांतून शिकवला गेला. टिलियर्ड यांच्या १९४३मधील पुस्तकाचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु श्रेणीचे हे गुणगान करणारा युलिसीजच पुढे सोडतीत लबाडी करून एजॅक्सला अकिलीजच्या वर चढवण्याचा बेत आखतो. वक्ता कोण आहे हे नजरेआड करून वक्तव्य तेवढे कालखंडाच्या नावे जमा करणे, ही कालखंडवादी समीक्षेची जुनी खोड आहे.

चॅपमनने होमरची दोन्ही महाकाव्ये इंग्रजीत आणली, तीही सोबतच्या लॅटिन भाषांतराचा आणि भाष्याचा आधार घेत. पोपच्या नावावर असलेल्या ‘ओडिसी’चे (१७२५-२६) निम्मे सर्ग ब्रूम आणि फेंटन या दोघांनी केलेले आहेत. आणि १८१६ साली होमरचा साक्षात्कार शब्दबद्ध करणाऱ्या कीट्सला ग्रीक येत नव्हते. त्याला भेटला तो चॅपमन. रोमँटिकांची ग्रीकभक्ती अशी एका प्रबोधनकालीन भाषांतरकाराच्या खांद्यावर उभी आहे. शेली ग्रीक उत्तम जाणत होता हे खरे. पण एकाच कालखंडात ग्रीक जाणणारा आणि न जाणणारा असे दोन महत्त्वाचे कवी असतील, तर त्या कालखंडाचा पुराणकथेशी असलेला संबंध एकच कसा मानावा?

टेनिसनच्या ‘युलिसीज’पाशी हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. हॅलमच्या मृत्यूनंतर १८३३मध्ये लिहिलेली आणि १८४२मध्ये प्रसिद्ध झालेली ही कविता व्हिक्टोरियन उद्यमशीलतेचा जाहीरनामा म्हणून वाचण्याची प्रथा आहे. टेनिसन मूळ ग्रीक वाचणारा होता. म्हणजे येथे अज्ञानाचा प्रश्न नाही, निवडीचा आहे. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात टायरीसियस नायकाला आणखी एका प्रवासाचे भाकीत सांगतो. तो प्रवास समुद्रापासून दूर, जमिनीवरचा आहे : खांद्यावर वल्हे घेऊन समुद्र ठाऊक नसलेल्या लोकांपर्यंत जायचे, देवाला बळी द्यायचा आणि घरी परतायचे. टेनिसनने हा प्रवास घेतला नाही. त्याने घेतला तो दान्तेच्या ‘इन्फर्नो’च्या सव्विसाव्या सर्गातला, जगाच्या सीमेपलीकडे जाणारा सागरप्रवास. दान्तेने होमर वाचलेलाच नव्हता. त्याचा युलिसीज सर्सीकडून निघाल्यावर इथाकाला परततच नाही. पत्नी, पुत्र आणि वृद्ध पिता यांच्यापेक्षा ज्ञानाची ओढ त्याला मोठी वाटते, तो बुडतो, आणि कपटी सल्लागारांच्या नरककुंडात ज्वालेत गुंडाळला जातो.

टेनिसनने या दोन्ही कथा एकत्र शिवल्या आहेत आणि शिवण दिसते. त्याचा नायक होमरच्या कथेप्रमाणे घरी परतलेला आहे. पण ज्या जुन्या सोबत्यांना तो नव्या प्रवासाला हाक देतो, ते सगळे होमरमध्ये इथाकाला पोहोचण्याआधीच मेलेले आहेत. ते येतात दान्तेकडून. म्हणजे हा वीर मृतांना उद्देशून बोलत आहे, निदान होमर जाणणाऱ्या वाचकाच्या कानाला तरी. शोकाच्या दिवसांत लिहिलेल्या कवितेत ही विसंगती कवीच्या नजरेतून निसटली असेल असे मानणे कठीण आहे. दान्तेने ज्या वक्तृत्वाला शिक्षा दिली, तेच वक्तृत्व टेनिसन नरकाची चौकट काढून वाचकापुढे ठेवतो. कवितेतील आवाहनाचे तेज आणि त्यातला मृत्यूचा गारवा यांचा उगम या जोडकामात आहे. ‘व्हिक्टोरियन आशावाद’ या शिक्क्याखाली त्यातले तेज तेवढे उरते. डब्ल्यू. बी. स्टॅनफर्ड यांच्या ‘द युलिसीज थीम’ (१९५४) या मोलाच्या ग्रंथात या नायकाच्या रूपांतरांचा विस्तृत माग आहे, परंतु त्यांचा भर व्यक्तिरेखेच्या लवचीकतेवर आहे. लवचीकता व्यक्तिरेखेत असते तितकीच ती वाहून आणणाऱ्या भाषांतही असते.

जॉइसचा ‘युलिसीज’ (१९२२) हेच दाखवतो. शाळकरी वयात त्याला हा नायक भेटला तो चार्ल्स लॅमच्या १८०८मधील गद्य कथनातून, आणि लॅमचा आधार पुन्हा चॅपमन! कादंबरीचे शीर्षक लॅटिन वळणाचे आहे याचा अर्थ येथे लागतो. १९२३ साली टी. एस. एलियट यांनी ‘द डायल’मधील लेखात, पुराणकथेने समकालीन जीवनाच्या अराजकाला आकार दिला, असे या कादंबरीबद्दल म्हटले. या निरीक्षणाची पुढे व्याख्या झाली आणि व्याख्येचे परीक्षेतील उत्तर. परंतु होमरच्या प्रसंगांची नावे छापील कादंबरीतील प्रकरणांना नाहीत. ती लेखकाने मित्रांना दिलेल्या आराखड्यांतून वाचकांपर्यंत पोहोचली. डब्लिनच्या एका दिवसातले ब्लूमचे चालणे, खाणे, अपमान गिळणे होमरच्या सांगाड्याला टेकून उभे नाही. तो सांगाडाच अनेकदा विनोदाचा विषय होतो. सुव्यवस्थेची निकड एलियट यांची होती. त्यांचा स्वतःचा टायरीसियसही, टिपांत त्यांनी दिलेल्या उताऱ्याप्रमाणे, ओव्हिडच्या लॅटिनमधून आलेला आहे.

ग्रीक कोणाला शिकायला मिळाले, हा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२५च्या निबंधाच्या शीर्षकातच ग्रीक न येण्याचा उल्लेख केला. त्या स्वतः ग्रीक शिकल्या होत्या, पण भावांच्या वाटेने नव्हे. ‘ओडिसी’चे एका स्त्रीने केलेले पहिले संपूर्ण प्रकाशित इंग्रजी भाषांतर, एमिली विल्सन यांचे, २०१७ साली आले, चॅपमननंतर सुमारे चारशे वर्षांनी. बाविसाव्या सर्गात टेलिमेकस ज्या दासींना फासावर लटकवतो, त्यांना आधीच्या अनेक भाषांतरकारांनी लावलेली शिवीवजा विशेषणे मुळात नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी २००५च्या ‘द पेनेलोपिअड’मध्ये याच बारा जणींना वृंदगणाचे स्थान दिले होते. आणि डेरेक वॉलकॉट यांच्या ‘ओमेरोस’मध्ये (१९९०) सेंट लुशियाचे कोळी अकिल आणि हेक्टर ही नावे घेऊन वावरतात. ती नावे त्यांच्यापर्यंत होमरकडून नव्हे, तर वसाहतीच्या इतिहासातून, गुलामांना अभिजात नावे देणाऱ्या मालकांमार्फत पोहोचलेली आहेत. या काव्याला ‘उत्तर-वसाहतवादी’ कालखंडात बसवून त्यात होमरचा आदिबंध शोधत राहिले, तर अकिलला त्याचे हे नाव कसे मिळाले हे सांगायचे राहूनच जाते.