पार्ट्स बुकातलं स्टेअरिंगचं पान

ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये पान्यांच्या खाली ग्रीसनं काळं पडलेलं एक पुस्तक असतं. मालक ते उघडत नाही, मिस्त्रीला ते पाठ असतं आणि दुकानदाराला त्यातला फक्त नंबर हवा असतो. माझा ट्रॅक्टर द्राक्षबागेतला, छोटा. गोडी छाटणीनंतर त्याचं स्टेअरिंग उघडलं, तेव्हा या पुस्तकातलं एक पान मी इतक्या वेळा पाहिलं की आता त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

पानावर एकच चित्र. स्टेअरिंगचा प्रत्येक भाग आपल्या जागेवरून ओढून हवेत टांगलेला आणि मध्ये बारीक तुटक रेषा. दिवाळीच्या आवराआवरीला कपाटातलं सगळं अंगणात मांडावं तसं. फक्त इथं प्रत्येक वस्तूची परत जायची जागा ठरलेली आहे. वर उजवीकडे स्टेअरिंगचं चाक, मग दांडा, बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टायरॉड आणि तळाशी दोन्ही बाजूंना स्टब अ‍ॅक्सल. हाताचा जोर ज्या क्रमानं चाकापर्यंत जातो, त्याच क्रमानं डोळा वरून खाली येतो. चित्रकारानं हा क्रम कुठंही मोडलेला नाही.

दुखणं मात्र या क्रमानं सापडत नाही. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढचं चाक जागचं हलेना, तेव्हा मी बॉक्स गेला असं ठरवून मोकळा झालो होतो. असं ठरवणारा मी एकटा नाही. बॉक्सवरचा स्क्रू आवळायचा, दोन दिवस बरं वाटतं, मग वळणावर स्टेअरिंग जड लागायला लागतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मिस्त्रीनं बॉक्सकडे पाहिलंसुद्धा नाही. तो गोणपाट टाकून खाली सरकला आणि म्हणाला, "दादा, स्टेअरिंग नुसतं हलवत राहा. इकडं थोडं, तिकडं थोडं." मी हलवत राहिलो. तो एकेका सांध्यावर अंगठा ठेवत गेला. एक तुकडा हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर थांबतो, तिथं अंगठ्याला चिमटा बसतो. असे तीन चिमटे त्याला बसले: दोन टायरॉड एंडना, एक ड्रॅग लिंकच्या टोकाला. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून डोलवलं, तर स्टब अ‍ॅक्सलही चाकाबरोबर डोलला. म्हणजे चाकाचं बेअरिंग ठीक, किंगपिनचे, म्हणजे स्टब अ‍ॅक्सल ज्या खुंटीवर वळतो तिचे, बुश गेलेले. थोडी ढील इथं, थोडी तिथं. माझ्या हाताला चार बोटं लागत होती ती या सगळ्यांची बेरीज होती.

बुश या पानावर अगदी बिचारा दिसतो. साधी नळीसारखी कडी, पुढं नंबर, संख्येच्या रकान्यात ४. पण सगळ्या चित्राचं मर्म मला त्याच्यातच वाटतं. किंगपिन कडक पोलादाची, बुश मऊ धातूचा. घर्षण होणारच, तर ते स्वस्त आणि काढता येणाऱ्या तुकड्याच्या अंगावर यावं, म्हणून त्याला मध्ये उभं केलेलं. द्राक्षबागेत त्याची परीक्षा जरा जास्तच होते. ओळ संपली की बांधावर अपुऱ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण तोडायचं आणि छाटणीनंतर फवारण्यांमागून फवारण्या. वर दर वेळी पाण्यानं धुणं. ग्रीस निघून जातं, माती आत बसते.

बुशच्या चित्रात एक बारीक काळा ठिपका होता. मी तो छपाईचा डाग समजत होतो. जुने बुश ठोकून बाहेर काढले तेव्हा उलगडा झाला. ते ग्रीसचं भोक होतं. चारातल्या एका बुशचं भोक निपलसमोर नव्हतंच. मागे कधीतरी कुणी तो फिरवून बसवला होता. त्या निपलवर मी इतके दिवस ग्रीसगन मारत होतो, ती बुशच्या भिंतीवर. एवढ्याशा ठिपक्यात चित्रकारानं केवढी ताकीद देऊन ठेवली होती!

सगळं मात्र तो सांगत नाही. पानावरचा प्रत्येक भाग कोरा करकरीत, झिजलेला एकही नाही. टायरॉडच्या दोन टोकांना दोन वेगळे नंबर आहेत, पण का, ते वाचणाऱ्यानं ओळखायचं: एकाचे आटे उलटे. त्यामुळे दोन्ही लॉकनट ढिले करून मधली नळी नुसती फिरवली की टायरॉड जागच्या जागी लांब किंवा आखूड होतो आणि चाकांचं पुढचं-मागचं अंतर जुळवता येतं. टायरॉड एंडची खुंटी निमुळती दाखवली आहे. नट काढूनही ती निघत का नाही, याचं उत्तर त्या निमुळतेपणात आहे. मिस्त्रीनं नट दोन आटे तसाच ठेवला, आर्मच्या डोळ्याला एका बाजूनं जड हातोडा टेकवला आणि समोरून दुसऱ्यानं एकच घाव घातला. टक्‌ आवाज झाला आणि खुंटी सुटली. आट्यांवर घाव घालणारे पुढे नवा नटसुद्धा बसवू शकत नाहीत.

चित्रात सर्वांत देखणी गोष्ट कुठली म्हणाल, तर स्टब अ‍ॅक्सलच्या आर्मचा आत झुकलेला तिरकेपणा. पट्टी धरून दोन्ही आर्मच्या रेषा मागे वाढवल्या, तर त्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याजवळ भेटतात. त्यामुळे वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं आणि टायर घासटत नाहीत. ही युक्ती म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर या घोडागाड्या बनवणाऱ्याची. १८१८ मध्ये लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं रुडॉल्फ आकरमन यानं, आणि नाव त्याचंच राहिलं. या आकरमनचा मुख्य धंदा चित्रं छापून विकण्याचा होता, हे वाचलं तेव्हा त्या पानाकडे बघून मला हसू आलं.

नवे बुश ठोकून, रीमर फिरवून, भोक निपलसमोर आणून बसवले. टायरॉड एंड दोन, ड्रॅग लिंकचं टोक एक, स्प्लिट पिना सगळ्या नव्या. जुन्या किंगपिना डिझेलनं पुसून मिस्त्रीनं त्यांच्यावरून नख फिरवलं. पायरी लागली नाही. त्याच परत घातल्या.