शिशुभाषा व दारिद्र्य : एका मताचे परीक्षण

गरिबाच्या घरी अन्नवस्त्राप्रमाणे शब्दांचाही दुष्काळ असतो, असे एक मत सुशिक्षित वर्गात रूढ होत चालले आहे. अमरावती-अकोल्याकडील शिक्षकांच्या बैठकींतून आम्ही ते वारंवार ऐकले आहे. खरे सांगावयाचे तर एके काळी स्वतः आग्रहाने मांडलेही आहे. परंतु ज्या ग्रंथामुळे हे मत जगभर पसरले तो ग्रंथ त्याचा उच्चार करणाऱ्यांपैकी थोड्यांनीच वाचलेला असतो. त्या ग्रंथाची योग्यता काय, आणि आमच्या वऱ्हाडास तो कितपत लागू पडतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

बेटी हार्ट व टॉड रिस्ले ह्या अमेरिकन संशोधकांचा हा ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला. कॅन्सस सिटीतील ४२ कुटुंबांत दरमहा एक तास बसून, मूल तीन वर्षांचे होईपर्यंत, त्याच्याशी होणारे बोलणे त्यांनी टिपून घेतले. उच्च व्यवसायांतील कुटुंबांत मुलाच्या वाट्यास तासाला सरासरी २,१५३ शब्द येत, कामकरी कुटुंबांत १,२५१, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांत अवघे ६१६. ह्या आकड्यांचा गुणाकार करून, चौथ्या वर्षापर्यंत सधन व निर्धन मुलांत तीन कोटी शब्दांचे अंतर पडते, असे अनुमान त्यांनी काढले.

ग्रंथकर्त्यांची चिकाटी वाखाणण्याजोगी आहे. मूल शाळेच्या पायरीशी येण्यापूर्वीच त्याच्या भाषेचा पाया घातला गेलेला असतो, ही गोष्ट त्यांनी लोकांच्या मनावर ठसविली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु पाया लहान आणि इमारत मोठी, असा प्रकार येथे झाला आहे. सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे ह्या पाहणीत फक्त सहा होती. शिवाय परका सुशिक्षित मनुष्य वही घेऊन समोर बसला असता गरिबाघरची आई मोकळेपणी बोलेलच असे नाही. डग्लस स्पेरी व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१९ साली घरातील इतर माणसांचे बोलणेही जमेस धरून पाहिले, तेव्हा हे अंतर पूर्वीसारखे दिसेना. आमच्याकडे तर ही उणीव अधिकच ठळक होईल. कापूस वेचावयास गेलेल्या आईचे मूल आजीच्या मांडीवर, थोरल्या बहिणीच्या कडेवर वा शेजारणीच्या ओट्यावर वाढते. केवळ आईचे शब्द मोजणाऱ्यास त्याच्या भाषेचा हिशेब कसा लागावा?

ह्याहून मार्मिक असे संशोधन २०१३ साली अ‍ॅड्रियाना वाइस्लेडर व अ‍ॅन फर्नाल्ड ह्या विदुषींनी प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातील स्पॅनिश बोलणाऱ्या गरीब कुटुंबांतील २९ बालकांच्या अंगावर ध्वनिमुद्रक ठेवून त्यांनी संबंध दिवसाचे बोलणे नोंदविले. दहा तासांत एखाद्या बालकाशी अवघे ६७० शब्द बोलले गेले होते, तर दुसऱ्याशी १२,००० हून अधिक. दारिद्र्य तेच, भाषा तीच, पण अंतर सुमारे अठरापट! ज्यांच्याशी घरची माणसे अधिक बोलत त्यांचा शब्दसंग्रह दुसऱ्या वर्षी मोठा आढळला. मोठ्यांचे आपापसांतले बोलणे नुसते कानावर पडल्याने तो फारसा वाढला नव्हता. ह्याविषयी संशोधकांत अद्याप मतभेद आहेत. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ह्या मुलांचा शब्दसंग्रह मोजला तो स्पॅनिशमध्ये. ज्या भाषेत घर बोलते तीच भाषा मोजमापासाठी घेतली.

आता आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मेळघाटात धारणी तालुक्यातील एका अंगणवाडीत आम्ही गेलो होतो. चार वर्षांच्या एका मुलास चित्रातील वस्तूंची नावे विचारली. गाय दाखविली, झाड दाखविले. मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. आम्ही वहीत ‘वाचा अविकसित’ असा शेरा लिहिला. थोड्या वेळाने त्याची आजी त्यास न्यावयास आली, आणि तो मुलगा धरण फुटावे तसा बोलू लागला. बोलत होता कोरकू. त्यातला एक शब्दही आम्हांस कळत नव्हता. शेरा मात्र आम्ही त्यास दिला होता!

कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. ती मुंडा कुलातील स्वतंत्र भाषा असून संथाळी व मुंडारी ह्या तिच्या बहिणी होत. संस्कृतातील द्विवचन पाठ करताना आम्हां सर्वांस घाम फुटला होता. कोरकूत ते आजही जिवंत आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा मराठीतला भेद तीत आहेच, शिवाय ‘आपण दोघे’ आणि ‘आपण सगळे’ ह्यांस निरनिराळी सर्वनामे आहेत. हे सारे जे मूल कोणत्याही पाठांतरावाचून आत्मसात करते, त्याची वाचा अविकसित म्हणावयाची, की परीक्षकाचे कान?

मेळघाटातील काही गावांचे पुनर्वसन अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा तालुक्यांत झाले असल्याने हा प्रश्न आता केवळ डोंगरापुरता राहिलेला नाही. आणि कोरकूचे दूरच राहो, ‘काहून’, ‘मले’, ‘डोया’ असे स्वच्छ वऱ्हाडी बोलणारे मूलही वर्गात दोन वेळा हसे झाले की तिसऱ्या वेळी तोंड मिटून बसते, हे आम्ही अमरावती शहरातही पाहिले आहे.

ह्याचा अर्थ दारिद्र्य निरुपद्रवी आहे असा कोणी करू नये. मेळघाटातील कुपोषणाची दुःखद कथा सर्वश्रुत आहे. उपाशी मूल खेळत नाही, आणि न खेळणारे मूल बोलतही नाही. मजुरीसाठी गाव सोडून दिवसभर राबलेल्या आईबापांजवळ गोष्ट सांगावयास त्राण उरत नाही. तेथे अन्न, विश्रांती आणि मजुरी ह्यांचीच तजवीज आधी केली पाहिजे. शब्दांच्या आकड्यांनी पोट भरत नाही. परंतु त्या आईस ‘मुलाशी बोलत जा’ असा उपदेश करताना, तिने बोलावयाचे ते तिच्याच भाषेत, हे सांगण्यास आपण विसरतो. आणि तुटक्यामुटक्या मराठीच्या नादी लागून ती माउली आपल्या भरघोस भाषेचा मुलाशी उच्चार करण्यास लाजू लागते. हे नुकसान दारिद्र्याने केलेले नव्हे, आम्ही केलेले होय.

विवाहानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा धडा घालून दिला. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचविले. शाळा अंगणात गेली. आता तिने अंगणातली भाषाही शिकावयास हवी. जेथे मुले कोरकू बोलतात तेथे कोरकू जाणणारी सेविका असावी, आजीबाईंस गोष्टी सांगावयास बोलवावे, आणि मराठी हळूहळू त्या भाषेच्या सोबतीने यावी. घरची भाषा निदान पाचवीपर्यंत शिक्षणाचे माध्यम असावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे सुचविलेच आहे.

वहीतला तो शेरा आम्ही त्याच दिवशी खोडला. परंतु तसे शेरे अनेक वह्यांतून अजून लिहिले जात असतील, आणि ते खोडावयास सर्वच आज्या वेळेवर येत नाहीत.