ओळख देणारा विदूषक

हिंदी पडद्यावरचा दारुडा म्हटला की जॉनी वॉकर आठवतो. आणि हा नट स्वतः दारूला शिवत नसे! इंदूरच्या गिरणी कामगाराचा मुलगा बद्रुद्दीन काझी मुंबईत बसकंडक्टर झाला. बलराज साहनींनी त्याला गुरुदत्तांकडे धाडले आणि 'बाजी' (१९५१) मिळाला. नावही गुरुदत्तांनीच दिले, व्हिस्कीचे.

आम्हां इंदूरकरांना त्याचा अभिमान आहे. पण 'हसवणारा' एवढ्यावर त्याची बोळवण करणे मला पटत नाही. 'प्यासा'तला (१९५७) तेलमालिशवाला सत्तार आठवा. पैशासाठी सख्खे भाऊ कवीची ओळख नाकारतात; वेड्यांच्या इस्पितळातून त्याला सोडवायला धावतो तो हा फाटका सत्तार. 'आनंद'मध्ये (१९७१) अनोळखी माणसाने 'मुरारीलाल' म्हणून हाक मारताच हा इसाभाई जुन्या दोस्तासारखी ओ देतो.

नायकाला जग ओळखेनासे होते, तेव्हा ओळख देतो तो हा विदूषक. दिवसभर परक्या चेहऱ्यांना तिकिटे फाडून देणाऱ्या कंडक्टरची ही कमाई असावी. 'मधुमती'साठी (१९५८) त्याला सहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर मिळाले, ते मला म्हणूनच योग्य वाटते. २००३ साली तो गेला. त्याच्या चित्रपटांतले नायक मोठे खरेच; पण अडचणीत हाक मारावी असा माणूस तोच होता.