‘आमुचं’ या शब्दाआड कोण आहे?

बेबी कांबळे यांच्या आत्मकथनाची तीन भाषांतली नावं शेजारी शेजारी लिहून पाहा. मराठीत ‘जिणं आमुचं’. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. १९९१ मध्ये पॅरिसहून फ्रेंच अनुवाद निघाला. त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘अस्पृश्य स्त्रीची वाणी’. इंग्रजीला आणखी सतरा वर्षं लागली. २००८ मध्ये माया पंडित यांचा अनुवाद आला, ‘द प्रिझन्स वी ब्रोक’, म्हणजे ‘आम्ही फोडलेले तुरुंग’.

कोडमध्ये एखाद्या व्हेरिएबलचं नाव बदललं तरी प्रोग्रॅम तसाच चालतो. पुस्तकाचं तसं नसतं. फ्रेंच नावात एकच बाई उरते आणि तिची ओळख म्हणून जातीचा शिक्का कपाळावर येतो. इंग्रजीत ‘आम्ही’ शिल्लक आहे, पण पान उघडायच्या आत लढाई जिंकून झालेली असते. मूळ मराठी नाव यातलं काहीच करत नाही. हे आमचं जिणं, एवढंच ते सांगतं.

फ्रेंच अनुवादकाला मराठी कळत नव्हतं, अशातला भाग नाही. गी प्वातवँ पुण्यात राहिले आणि हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या वर्षानुवर्षं गोळा केल्या. त्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत. मराठी बाईचा आवाज इतक्या कान देऊन ऐकणारा माणूसही पॅरिसच्या वाचकासमोर पुस्तक ठेवताना ‘आमुचं’ सोडून देतो. बहुधा तिथल्या वाचकाला आधी एक चेहरा हवा असतो.

हा ‘आमुचं’ नेमका काय करतो, याचं उत्तर शर्मिला रेगे यांनी २००६ च्या ‘रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर’मध्ये शोधलं. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांसाठी त्यांनी ‘टेस्टिमोनिओ’ हा शब्द घेतला. तो स्पॅनिश आहे आणि लॅटिन अमेरिकेतल्या लेखनातून आलेला आहे. टेस्टिमोनिओ म्हणजे साक्ष. तिथे ‘मी’ एकटी बोलत नाही, तिच्या तोंडून समूह बोलतो आणि वाचकाला नुसतं हळहळून सुटता येत नाही. रेग्यांचं हे म्हणणं मला पटतं. ‘जिणं आमुचं’मध्ये वीरगावचा महारवाडा आहे, आषाढातले सण आहेत, पोतराज आहेत, भूक आहे, सासुरवाशिणींचे हाल आहेत, बाबासाहेबांच्या शब्दाने उठून उभी राहिलेली माणसं आहेत. लेखिकेचा स्वतःचा संसार मात्र शोधावा लागतो. ‘यात लेखिका कुठे आहे?’ असं विचारणाऱ्याला रेगे सांगतील की बाबा, तू चुकीच्या प्रकारचं पुस्तक शोधतो आहेस.

पण माझं वाचन इथे थांबत नाही. इंग्रजी अनुवादासोबत माया पंडित यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखत छापली आहे. बेबीताईंचं फलटणला किराणा दुकान होतं. बांधणीसाठी आलेली रद्दी वर्तमानपत्रं त्या वाचायच्या आणि तिथेच बसून लिहायच्या. लिहिलेलं त्यांनी वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. फलटणमध्ये काम करणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्यामुळे ते छापखान्यापर्यंत पोहोचलं. याच मुलाखतीत बेबीताई नवऱ्याचा संशय आणि मार यांबद्दल बोलतात. तुम्ही हे पुस्तकात का नाही लिहिलं, या प्रश्नावर त्यांचं उत्तर साधारण असं, की समाजाने जे भोगलं ते मी लिहिलं, त्यांचं दुःख तेच माझं झालं.

हे उत्तर खरं आहेच. पण ज्या वहीत दुसऱ्या बायकांना बसलेला मार निर्भीडपणे लिहिला जातो, तीच वही नवऱ्यापासून लपवावी लागते, तेव्हा ‘आमुचं’ला आणखी एक काम करावं लागतं. तो शब्द आडोसाही होतो. भिवंडीत आमच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत हे व्याकरण रोज ऐकू येतं. ‘काल मला मारलं’ असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘बायकांना सोसावंच लागतं’ असं म्हणतात. अनेकवचनात बोललं की सांगूनही होतं आणि संध्याकाळी घरीही जाता येतं.

रेग्यांच्या मांडणीत ‘आम्ही’ ही ताकद आहे. ती आहेच, पण तिची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न त्या मांडणीत मागे राहतो. साक्ष देणाऱ्या बाईला स्वतःचीच साक्ष देता येत नव्हती, हेही त्या साक्षीचा भाग मानायला हवं. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’शी (२००३) तुलना केली की फरक दिसतो. तिथे आईची बांबूची विणकामं आहेत, कोकणातली वाडी आहे, चळवळ आहे आणि नवऱ्याशी झालेले खटकेही नावानिशी आहेत. वीसेक वर्षांत ‘आम्ही’च्या शेजारी ‘मी’ला बसायला जागा झाली. ही जागा आपोआप झाली नाही. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे यांनी आधी ‘आम्ही’ म्हणून ठेवलं होतं, म्हणून झाली.

संशोधनाने इथे एक मोठं काम केलं. पुस्तकात नसलेली गोष्ट विचारली आणि उत्तर जपून ठेवलं. मला खटकतं ते वेगळंच. ती मुलाखत मी इंग्रजीत वाचली. बेबीताई बोलल्या असणार मराठीत, फलटणच्या मराठीत. म्हणजे त्यांच्या मौनाचं कारण मला त्यांच्याच भाषेतून निघून परक्या भाषेतून परत मिळालं. ‘जिणं आमुचं’ची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा ते बोलणं शेवटी मराठीत असावं. आणि तुम्ही हे पुस्तक पहिल्यांदा हातात घ्याल, तेव्हा मुलाखत आधी वाचू नका. आधी पूर्ण ‘आमुचं’ वाचा. मग ती एक बाई त्यात कुठे कुठे उभी आहे, ते पाहायला परत या.