घरचा सर्व्हर : मालकी कोणाची, राबणूक कोणाची?

घरातल्या छोट्या सर्व्हरविषयी जे काही बोललं जातं, ते बहुतेक 'कसं करायचं' याबद्दल असतं. बोर्ड कुठला घ्यायचा, प्रणाली कुठली टाकायची, दिवा कसा जोडायचा. आज आपण 'कसं' बाजूला ठेवू. या सगळ्या खटाटोपामागे एक मोठा दावा आहे : घर तुमचं, तर त्याचं नियंत्रणही तुमच्याच हातात. तो दावा तपासू या.

दावा हवेतला नाही, हे आधी मान्य करायला हवं. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचं एक यंत्र सुमारे ३०० डॉलरला मिळायचं. दिवे, कुलपं, सेन्सर हे सगळं ते एकत्र जोडायचं. २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद केली. ज्यांनी पैसे मोजले त्यांच्या घरातली यंत्रं धडधाकट होती, पण त्या दिवसापासून ती निकामी झाली. यंत्र घरात आणि मेंदू दुसऱ्याच्या दारी, असा तो कारभार होता.

यावर उत्तर म्हणून रास्पबेरी पाय आणि होम असिस्टंट ही जोडी लोकांनी जवळ केली. पाय फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरला विक्रीस आला, तोही मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून. होम असिस्टंट पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलं. साधा बोर्ड तीन-चार वॅटवर चालतो, म्हणजे वर्षाला साधारण २६ ते ३५ युनिट. इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात दिवे लागतात. इथपर्यंत दावा खरा ठरतो.

पण आता पुढे बघा. हा बोर्ड बहुतेकजण एसडी कार्डावर चालवतात. होम असिस्टंट आपलं नेहमीचं ठेवलं, तर प्रत्येक सेन्सरची प्रत्येक हालचाल डेटाबेसमध्ये लिहीत राहतं आणि दहा दिवसांचा इतिहास सांभाळतं. कार्डातल्या मेमरीला लिहिण्याची मर्यादा असते. त्यातून लिहिणं चालू असताना वीज गेली, तर फाइल खराब व्हायची शक्यता वेगळीच. आपल्या गावाकडे वीज जाणं ही काही दुर्मीळ घटना नाही. घरात इन्व्हर्टर असतो, पण राउटर आणि बोर्ड त्याच्या लाइनवर घेतलेत का, हे कोणी पाहत नाही. एसएसडी लावा, नको त्या नोंदी बंद करा, बॅकअप दुसरीकडे ठेवा, हे उपाय माहीत आहेत. पण 'अर्ध्या तासात स्मार्ट घर' दाखवणाऱ्या व्हिडिओत ते सापडत नाहीत. नवलाई दाखवायची आणि देखभाल लपवायची, हा माझा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उपकरणं एकमेकांशी बोलतात ती बऱ्याचदा एमक्यूटीटी या पद्धतीनं. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती १९९९ मध्ये, तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी घडवली. जोडणी कधीही तुटू शकते हे त्यांनी गृहीतच धरलं. म्हणून उपकरण जोडलं जातानाच आपलं मृत्युपत्र देऊन ठेवू शकतं : मी अचानक गप्प झालो, तर हा निरोप बाकीच्यांना द्या. किती शहाणी व्यवस्था! आणि ज्या माणसानं हे घर जोडलं, त्याचं मृत्युपत्र कुठंय? पासवर्ड त्याच्या डोक्यात, वायरिंगचा नकाशा त्याच्या डोक्यात. तो महिनाभर परगावी गेला किंवा आजारी पडला, तर आईनं जिन्यातला दिवा कसा लावायचा? 'तुझ्या त्या डबड्याला काहीतरी झालंय' असा फोन करायचा आणि वाट पाहायची. कंपनीचं परावलंबन गेलं, पण घरच्यांच्या दृष्टीनं फक्त कंपनी बदलली. आता ती एका माणसाची आहे, आणि तिला ग्राहक सेवाही नाही.

यावर कोणी म्हणेल, मग हे करूच नये का? जरूर करावं. फक्त कसोटी बदलावी. घरात किती उपकरणं जोडली, हे मोजू नका. सर्व्हरचा प्लग काढा आणि घरभर फिरा. प्रत्येक दिवा, पंखा, मोटर भिंतीवरच्या बटणानं चालू होते का? रिले बटणाची जागा घेण्यासाठी लावला की बटणाच्या जोडीला, हे तिथं कळतं. मग राउटरची बाहेरची लाइन काढून पाहा. आणि शेवटी, कागदावर लिहिलेल्या सूचना घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या, आणि आपण तोंड न उघडता त्यांना बॅकअपवरून सगळं परत उभं करू द्या.

या तिन्हींत जे घर उतरतं, तिथं नियंत्रण खरोखर घराच्या हातात आलं. नाहीतर घर तुमचं म्हणताना त्यातला 'तुमचं' हा शब्द एकवचनीच राहतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.