दंतवल्काची रूक्षता आणि डाग : प्रकाशीय मापनपद्धतीचे परीक्षण

दंतवल्क, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा थर एकदा झिजला की शरीर तो पुन्हा घडवीत नाही. म्हणूनच दातावरील डाग घालविणारे कोणतेही द्रव्य किंवा उपचार तपासताना दोन प्रश्न एकदमच विचारावे लागतात : डाग किती गेला, आणि त्यापायी पृष्ठ किती खरवडले गेले? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे हल्ली बहुधा प्रकाशीय उपकरणांकडून घेतली जातात. ती उत्तरे आकड्यांत मिळतात, आणि आकडा हाती आला की शंका घेण्याची वृत्ती मंदावते. या आकड्यांमागील गृहीतांचे परीक्षण करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम रूक्षतेचा विचार करू. बहुसंख्य प्रबंधांत ती 'आरए' या एकाच राशीने सांगितली जाते. मध्यरेषेपासून पृष्ठरेषेचे जे विचलन होते त्याच्या निरपेक्ष मूल्यांची सरासरी, अशी तिची व्याख्या आहे. या व्याख्येतच तिची मर्यादा दडलेली आहे. पृष्ठरेषा उलटी केली, म्हणजे शिखरांच्या जागी खळगे व खळग्यांच्या जागी शिखरे आली, तरी आरए तीच राहते. डागाच्या दृष्टीने मात्र ही दोन पृष्ठे सारखी नव्हेत. अम्लाने कोरलेल्या अरुंद खळग्यात चहातील किंवा तंबाखूतील रंगद्रव्य ठाण मांडते व ब्रशाच्या केसालाही सापडत नाही; उंचवट्यावरील रंगद्रव्य सहज पुसले जाते. क्षेत्रीय राशींविषयीच्या आयएसओ २५१७८ या मानकात विषमतेची राशी उपलब्ध असताना केवळ सरासरीवर समाधान मानणे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय नाही.

०·२ मायक्रोमीटर या मर्यादेचा उल्लेखही असाच यांत्रिकपणे होतो. बोलेन, लॅम्ब्रेख्ट्स व क्विरिनेन यांच्या १९९७ सालच्या समालोचनातून ती प्रचारात आली. आरए याहून कमी केली तरी जंतूंचा संचय आणखी घटत नाही, असे तिचे तात्पर्य आहे. ही मर्यादा जंतुसंचयाची आहे, रंगद्रव्याच्या चिकटण्याची नव्हे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडल्याने अनेक निष्कर्षांचा पायाच डळमळीत झाला आहे.

आता मापनाकडे वळू. पृष्ठावरून सुई फिरविणाऱ्या उपकरणापेक्षा प्रकाश अधिक सौम्य, कारण तो पृष्ठाला ओरखडा पाडीत नाही, हे खरे. परंतु प्रत्येक प्रकाशीय पद्धतीचा स्वतःचा असा आवाका असतो. नियमित परावर्तनाच्या पद्धतीचे उदाहरण घ्या. बेनेट व पोर्टियस यांनी १९६१ साली मांडलेल्या संबंधानुसार लंबवत प्रकाशात, रूक्षता वाढली की नियमित परावर्तन घातांकी वेगाने घटते. ०·५५ मायक्रोमीटर तरंगलांबी धरून गणित केल्यास, वर्गमध्य रूक्षता ०·०२ असता परावर्तन मूळच्या सुमारे ८१ टक्के उरते. ०·०५ असता सुमारे २७ टक्के. आणि ०·२ असता ते व्यवहारतः शून्य होते. तेथे तर तरंगलांबीच्या मानाने रूक्षता अल्प असावी ही सूत्राची अटही टिकत नाही. अर्थात ज्या मर्यादेच्या आसपास निर्णय घ्यावयाचा, नेमकी तेथेच ही पद्धत मुकी होते. प्रकाश ६० अंशांनी तिरपा टाकल्यास तिचा आवाका काहीसा वाढतो. पण किरणाचा कोन न सांगता नुसती 'चकाकी' नोंदविणारे प्रबंध आढळतात, आणि त्यांची परस्परांशी तुलना करणे अशक्य होऊन बसते.

श्वेत प्रकाशाच्या व्यतिकरणावर आधारलेल्या सूक्ष्मदर्शकाची ख्याती उंचीच्या दिशेने नॅनोमीटरपर्यंत पोचणारा म्हणून आहे. आडव्या दिशेने मात्र तो प्रकाशाच्या तरंगलांबीला बांधलेला आहे. ०·३ न्यूमरिकल ॲपर्चरच्या भिंगाला सुमारे १·१ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत, आणि गुळगुळीत पृष्ठाचा सुमारे १७ अंशांहून अधिक उतार असल्यास त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश भिंगात परततच नाही. अशा ठिकाणची रिकामी बिंदुस्थाने संगणक शेजारच्या मूल्यांनी भरून काढतो. भरणीचे प्रमाण किती होते, हे वाचकाला कळलेच पाहिजे. शिवाय दंतवल्क पारभासी आहे. प्रकाशाचा काही अंश पृष्ठाखालून परततो व पृष्ठाची जागा संदिग्ध करतो.

नमुन्याविषयीही एक आक्षेप आहे. दाताचे पृष्ठ वक्र असल्याने मापनाच्या सोयीसाठी ते घासून सपाट केले जाते. त्या घासण्यात नैसर्गिक बाह्य थर आणि त्यावरील वाढीच्या सूक्ष्म आडव्या वळ्या नाहीशा होतात. मग जे मोजले जाते ते तोंडातील दाताचे पृष्ठ नसून प्रयोगशाळेने निर्माण केलेले पृष्ठ असते.

रंगाच्या मापनात सीआयईच्या १९७६ सालच्या पद्धतीतील 'डेल्टा-ई' ही राशी रूढ आहे. ती दोन रंगांमधील अंतर सांगते, दिशा सांगत नाही. उजळपणा २, तांबूसपणा १ व पिवळेपणा २ एककांनी बदलल्यास उत्तर ३ येते. दात उजळला असो वा काळवंडला असो, उत्तर तेच. म्हणून तिन्ही घटक स्वतंत्रपणे दिल्यावाचून हा आकडा निरर्थक ठरतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात १·२ ही जाणवण्याची व २·७ ही स्वीकारार्ह फरकाची सीमा ठरली. पण ती सिरॅमिकच्या नमुन्यांवर, नियंत्रित प्रकाशात पाहणाऱ्यांच्या निर्णयावरून. मिश्रीने काळवंडलेल्या दाताला ती जशीच्या तशी लावताना सावधगिरी हवी.

सर्वांत गंभीर दोष मात्र वेगळाच आहे. रूक्षता व रंग या दोन स्वतंत्र राशी मानल्या जातात, पण दोन्ही एकाच प्रकाशातून वाचल्या जातात. दंतवल्काचा वक्रीभवनांक सुमारे १·६२ आहे. त्यामुळे कोरड्या पृष्ठावरून सुमारे ५·६ टक्के प्रकाश रंगद्रव्याला न भेटताच परततो. गुळगुळीत पृष्ठावर हा प्रकाश आरशासारखा एका दिशेने जातो व नियमित परावर्तन वगळणाऱ्या उपकरणाला दिसत नाही. पृष्ठ खरवडले की तोच सर्वत्र विखुरतो आणि मापनात शिरतो. समजा, डागाळलेल्या दाताचे परावर्तन ५० टक्के होते व विखुरलेल्या प्रकाशामुळे ते ५४ झाले. उजळपणा ७६·१ वरून ७८·५ वर, म्हणजे २·४ एककांनी चढतो. जाणवण्याची सीमा ओलांडली गेली, आणि डागाचा एक कणही निघालेला नाही! खरखरीत चूर्णाने दंतवल्क ओरबाडले तरी मापन त्याला 'शुभ्रता' म्हणून प्रशस्तिपत्र देऊ शकते. हाच दात पाण्याखाली मोजल्यास पृष्ठावरील परावर्तन सुमारे १ टक्क्यावर येते व हा भ्रम बव्हंशी मावळतो. तोंडात दात ओलाच असतो, हे येथे ध्यानात घ्यावे. उलटपक्षी, वाळलेला दात स्वभावतःच अधिक पांढरा दिसतो.

या विवेचनाचा अर्थ प्रकाशीय पद्धती त्याज्य आहेत असा मुळीच नाही. त्यांच्याइतके अहानिकारक साधन दुसरे नाही. आग्रह आहे तो नोंदीच्या प्रामाणिकपणाचा. भिंग, मापनक्षेत्र, गाळणीची मर्यादा आणि भरलेल्या बिंदूंचे प्रमाण. रंगासाठी प्रकाशाची भूमिती, नमुन्याचा ओलावा आणि तिन्ही घटक. तसेच त्याच ठिकाणची रूक्षता व रंग यांचे एकत्र मापन, एवढे तरी प्रत्येक प्रबंधात असावे. डाग न लावता केवळ खरवडलेला नमुना नियंत्रणासाठी ठेवल्यास रूक्षतेचा वाटा वजा करता येईल.

दात मोजणाऱ्या विद्यार्थ्याने आपले उपकरण नेमके काय पाहते हे आधी जाणून घ्यावे. त्याच्या कोष्टकातील एका चुकीच्या आकड्यावर उद्या कुणाचे तरी दंतवल्क घासले जाणार आहे, आणि ते पुन्हा उगवणार नाही.