माडगूळकरांची उपजीविका आणि त्यांची कविता

कवीने पोट कसे भरावे हा प्रश्न टीकाशास्त्रात बसत नाही. तो कवीच्या पत्नीने आणि वाण्याने आपसांत सोडवावा अशी आमच्या टीकाकारांची समजूत दिसते. परंतु कऱ्हाडास लागून असलेल्या व महामार्गामुळे झपाट्याने वाढलेल्या आमच्या मलकापुरात हा प्रश्न आता घरोघर निघू लागला आहे. पदवीधर मुलगा सकाळी दुकानांच्या फलकांचा मजकूर जुळवितो, दुपारी कोणाच्या लग्नाची चित्रफीत कापतो-जोडतो, गणेशोत्सवात मंडळास गीत लिहून देतो, लग्नसराईत सूत्रसंचालन करतो. आणि वडील पाहुण्यांस सांगतात की, चिरंजीव अजून कोठे चिकटले नाहीत. टीकाकार हेच जरा भारदस्त भाषेत म्हणतो : किरकोळ कामांत प्रतिभेचे तुकडे होतात.

हा सिद्धान्त तपासावयास आम्हांस दूर जाण्याचे कारण नाही. ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. 1919 साली शेटफळे येथे जन्म, औंधास शिक्षण, मॅट्रिकला गणिताने दिलेला धक्का, आणि मग कोल्हापूरची वाट. 'ब्रह्मचारी' (1938) या चित्रपटात त्यांनी लहानशी भूमिका केली, वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून ते सांगतील ते उतरून घेतले. पुढे गीते, संवाद, पटकथा, पुन्हा अभिनय. 'रामजोशी' (1947) मध्ये तर यांतील बहुतेक कामे एकाच माणसाने केलेली आहेत. हौसेने हे झाले असे कोणी समजू नये. हंस, नवयुग, प्रफुल्ल या चित्रसंस्था दहा वर्षांच्या आत एकीतून दुसरी अशा निघाल्या. मासिक पगारावर माणसे बाळगण्याची प्रभातसारख्यांची रीतही पुढे मोडली, आणि लेखक चित्रपटागणिक करारावर आला. अशा धंद्यात ज्याला एकच काम येते, त्याच्या चुलीचा भरवसा काय?

आता या कामांनी कवितेचे काय केले ते पाहू. 'जोगिया' ही त्यांची प्रसिद्ध कविता. सरलेली मैफल, निजलेले वाद्य, इतस्ततः पडलेले विड्यांचे साहित्य, इतके आधी दिसते. मग ती स्त्री दिसते. आणि तिचा स्वर त्यानंतर उमटतो. प्रथम स्थळ, मग व्यक्ती, मग वाणी : ही पटकथाकाराची मांडणी आहे. रविकिरण मंडळाच्या एखाद्या कवीने याच विषयावर आरंभीच स्वतःचा उसासा टाकला असता. माडगूळकरांस तसे करता येत नव्हते, कारण प्रेक्षकांस खोली दाखविल्यावाचून उसासा ऐकू जात नाही हे त्यांचा धंदा त्यांस रोज शिकवीत होता.

'गीतरामायणा'त हे शिक्षण पूर्णत्वास गेले. 1955 च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास एक गीत, एकूण 56. मुदत ठरलेली, सुधीर फडके यांची चाल व्हावयाची, गायक निरनिराळे. कोणत्याही कारखान्यास शोभावी अशी ही व्यवस्था! आणि तीतूनच शबरी, शूर्पणखा, नावाडी, कुंभकर्ण आपापल्या तोंडाने बोलू लागले. दुसऱ्याच्या मुखासाठी शब्द घडविण्याची ही सवय संवादलेखनाने लागलेली. ती एकांतात बसून लागत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

किंमत पडलीच नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चालीची मात्रा भरण्यापुरती आलेली विशेषणे, ठराविक चंद्र, ठराविक यमुना, हे सर्व त्यांच्या चित्रगीतांत विपुल आहे. चाल काढून घेतली की त्यांतली पुष्कळ गीते लंगडतात. दीडशेच्या वर चित्रपटांसाठी लिहिणाऱ्याकडून दुसरे काय व्हावे? तरी एवढ्यावरून त्यांस 'गीतकार' म्हणून दारातच उभे करणे हा अन्याय होता, आणि 1973 च्या यवतमाळ संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले तेव्हा तो काही अंशी धुऊन निघाला.

नोकरीचा पक्ष घेणारे गृहस्थ येथे धाकट्या बंधूंचे नाव काढतील. व्यंकटेश माडगूळकर 1955 साली त्याच पुणे केंद्रावर नोकरीस लागले व सुमारे तीस वर्षे राहिले. पण 'बनगरवाडी' ही नोकरीपूर्वीच्या दिवसांतली, चित्रे, पत्रकारी व चित्रपटलेखन यांवर गुजराण चालली होती तेव्हाची. उलट 'सत्तांतर', ज्यास 1983 चा अकादमी पुरस्कार मिळाला, ती नोकरीतली. एकाच घरातील ही दोन उदाहरणे कोणत्याच बापाची बाजू पुरी घेत नाहीत.

आमच्या दृष्टीने भेद अन्यत्र आहे. थोरल्या माडगूळकरांची सारी कामे शब्दांची होती, आणि एकाचे शिक्षण दुसऱ्यात उपयोगी पडे. शिवाय कंपनीच्या एकाच आवारात चाल बांधणारा, नट आणि दिग्दर्शक जवळच असत. वाईट ओळ तेथल्या तेथे परत येई. खांडेकरांची वाक्ये उतरून घेणे हीसुद्धा एक शाळाच होती. मलकापुरातील आमचा तरुण खोलीत एकटा, पडद्यासमोर बसून काम करतो. फलकाचा मजकूर नेऊन दिला की दुकानदार तो हातभर दूर धरून पाहतो आणि म्हणतो, "सगळे ठीक आहे, फक्त अक्षर मोठे करा."